करोना विषाणूचे बदल : वाचन आणि वाढ

करोना विषाणूची सारी जनुकीय माहिती सुमारे ३० हजार अक्षरांच्या आरएनए साखळीत सामावलेली असते, आणि रुग्णाच्या पेशीत या साखळीच्या नकला निघत असताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते. या बदलास उत्परिवर्तन म्हणतात. नकलेतील चुका दुरुस्त करणारे विकर या विषाणूजवळ असल्यामुळे तो इन्फ्लुएन्झाच्या विषाणूपेक्षा सावकाश बदलतो. तथापि साथ लाखो माणसांत पसरली की अशा बदलांना संधीही तितकीच वाढते.

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हे शहर उपनगरी रेल्वेने मुंबईशी जोडलेले असल्याने येथील रुग्णांतील विषाणूचा विचार शहराच्या हद्दीपुरता करता येत नाही. नेहमीची आरटी-पीसीआर चाचणी विषाणू आहे किंवा नाही एवढेच सांगते, तो कोणत्या शाखेचा हे मात्र संपूर्ण जनुकीय क्रम वाचल्यावरच कळते. याच हेतूने डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभारण्यात आले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील नमुन्यांमध्ये बी.१.६१७ ही शाखा ठळकपणे आढळली. विषाणू ज्याच्या साहाय्याने पेशीला चिकटतो त्या काटेरी प्रथिनात तिच्याकडे एल४५२आर आणि पी६८१आर हे बदल होते. तिच्याच एका उपशाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिले.

क्रम वाचल्याने बदल कोठे झाला हे समजते, पण त्या बदलाने विषाणूचे वर्तन कसे पालटले हे पाहण्यासाठी जिवंत विषाणू वाढवावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये रुग्णांच्या नमुन्यांतून हा विषाणू वेगळा केला, तो आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या ‘व्हेरो’ पेशींमध्ये. लागण झालेल्या पेशी गोल होऊन थरापासून सुटू लागतात. दोन प्रकारांची सारखीच मात्रा सारख्याच पेशींना देऊन ठरावीक तासांनी विषाणूंचे प्रमाण मोजले की त्यांच्या वाढीचा वेग ताडून पाहता येतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. माणसाच्या श्वसनमार्गातील पेशींवर असणारे व काटेरी प्रथिन कापून विषाणूला प्रवेश सुकर करणारे ‘टीएमपीआरएसएस२’ हे विकर व्हेरो पेशींत जवळजवळ नसते. परिणामी तेथे वारंवार वाढवलेल्या विषाणूंमधून ‘फ्युरिन’ या दुसऱ्या विकराने प्रथिन कापले जाण्याची जागाच गळालेले विषाणू निवडले जातात. पी६८१आर हा बदल याच जागेलगतचा असल्यामुळे, त्याची पारख केवळ अशा पेशींवर केल्यास निष्कर्ष फसवा ठरू शकतो. म्हणून मानवी श्वसनमार्गाच्या पेशीही वापराव्या लागतात. एखाद्या नमुन्यात नवे उत्परिवर्तन सापडले एवढ्यावरून तो विषाणू अधिक घातक ठरत नाही. जनुकीय क्रम, योग्य पेशींतील वाढ आणि रुग्णांच्या आजाराची नोंद या तिन्हींचा मेळ बसला, तरच तसे म्हणता येते.