काम कुठलं, चूल कुठली?

भिलाईला लागून असलेल्या जामुलमध्ये 1965पासून सिमेंट तयार होतं. शेजारच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्ट्यांचा स्लॅग त्यात वापरला जातो. आसपास लोखंडकामाचे कारखाने, ओतशाळा, ट्रकची सततची ये-जा. अशा ठिकाणी धाप लागलेला माणूस समोर येऊन बसला की डॉक्टरचा पहिला प्रश्न सहसा विडी-सिगारेटचा असतो. तो हवाच; पण तिथेच थांबलं तर अर्धा आजार केसपेपरबाहेर राहतो.

इटालियन वैद्य रामाझिनी याने 1700 मध्येच सांगून ठेवलं होतं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. इथे धंद्याचं नुसतं नावही पुरत नाही. ‘प्लांटमध्ये आहे’ म्हणजे नेमकं कुठे? गोण्या भरण्याच्या विभागात, भट्टीच्या विटा फोडण्यावर, की वाळूचे साचे झाडण्यावर? विटांच्या आणि वाळूच्या धुळीत सिलिका असते आणि तिचे व्रण फुप्फुसातून पुसले जात नाहीत. कंत्राटी कामगार तर दर काही महिन्यांनी जागा बदलतो. म्हणून पहिल्या नोकरीपासूनची सगळी कामं वर्षांसकट लिहून घ्यावी लागतात. बायकांना चूल विचारायची: लाकूड, शेणी, कोळशाची सिगडी, की गॅस? गॅस असला तरी सिलिंडर संपल्यावर काय पेटतं? रात्री डासांची कॉइल लावता का? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असं 2003 च्या एका अभ्यासात आढळलं होतं.

मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून केलेली फुप्फुसांची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास, आणि तो जोरात, किमान सहा सेकंद सोडत राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच माणूस थांबू पाहतो. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ‘और, और, और’ म्हणत राहतो. तीन फुंकी नीट जुळाव्या लागतात. नंतर श्वासनलिका सैल करणारं साल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. औषधानंतरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांखाली राहिली, तर सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराकडे, बोट जातं.

कामामुळे दमा होतोय का, हे ओळखायला तर एक स्वस्त पीक-फ्लो मीटर आणि कागद पुरतो. कामगाराने दिवसातून चारदा, दोन-तीन आठवडे फुंकून आकडे लिहायचे. सुटीचे दिवसही त्यात हवेत. कामाच्या दिवशी आकडे खाली आणि सुटीत वर जात असतील, तर तो कागद बरंच काही सांगतो.

हवामानही आता औषधाच्या चिठ्ठीत यायला हवं. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा फिरायला उशिरा जा असं सांगायचं. मे महिन्याच्या उन्हाआधी सीओपीडीच्या रुग्णाची मूत्रल औषधं तपासायची, कारण अंगातलं पाणी लवकर कमी होतं. इन्हेलर उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात रोटाकॅप्सना, म्हणजे पावडरच्या कॅप्सूलना, दमट हवा लागू देऊ नका. गॅसच्या इन्हेलरमधला एचएफए-134ए हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपट जास्त उष्णता धरतो, तर पावडरच्या इन्हेलरला तो लागतच नाही. ज्याचा श्वास पुरेसा जोरात आत जातो त्याला पावडर द्यावी; ज्याचा जात नाही त्याच्यावर मात्र पर्यावरणाच्या नावाने ती लादू नये, हेही तितकंच खरं.

तोंडावर गमछा बांधून निघणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं की बारीक कण कापडातून आत जातात. घट्ट बसणारा एन-95 काम करतो, पण भट्टीजवळच्या उकाड्यात तो आठ तास लावून ठेवणं फार कठीण आहे. सगळा भार रुग्णाच्या तोंडावर टाकणं अन्यायाचं आहे. हवेचे नियमही सैल आहेत: या बारीक कणांसाठी, म्हणजे पीएम 2.5 साठी, भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची 5.

डॉक्टरला दवाखान्याबाहेर पाऊल टाकावं लागतं, याचा दाखला याच मुलखात आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरामध्ये खाणकामगारांनी 1983 मध्ये स्वतः शहीद अस्पताल उभारलं. बिनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर तिथे कामगार संघटनेसोबत काम करत होते.

आज हे पाऊल कागदावरही टाकता येतं. सिलिकोसिस आढळला, तर मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवण्याचं बंधन 1948 च्या कारखाने कायद्यातल्या कलम 89ने डॉक्टरवर घातलं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. त्या पत्रात कामगाराचं नाव, त्याचा कारखाना आणि आजार लिहायचा असतो. केसपेपरवर आधीच लिहून घेतलेली कामांची यादी तिथे कामी येते, आणि पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यातही.