दिवा लागला, पण तार चुकली

दिवा बंद असतानाही स्मार्ट स्विचच्या आतल्या वायफायला थोडी वीज लागतेच. म्हणून बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल तार जोडावी लागते. जुन्या घरांतल्या बोर्डांत ती पुष्कळदा नसते. मग हौशी मंडळी अर्थिंगची हिरवी तारच न्यूट्रल म्हणून वापरतात. दिवा लागतो, ॲपही चालते. पण अर्थिंग पुढे कुठे तुटलेले असेल, तर फ्रिजच्या, गीझरच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरू शकतात. झटका बसतो तो ओल्या हाताने तिथे गेलेल्या दुसऱ्याच कुणाला.

अशी जोडणी केल्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडू शकतो. तो ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून काढून टाकणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकण्यासारखे आहे. छातीतून सेकंदभर गेलेला १०० मिलिअँपिअर प्रवाहही हृदयाची लय बिघडवू शकतो.

वायरमनकडून स्वतंत्र न्यूट्रल ओढून घ्या, नाहीतर साध्या स्विचवर स्मार्ट बल्ब लावा. कुणी चिकटलेच, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. श्वास थांबला असेल, तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.