वाटाण्याचा वेल, गोदेचा पूर
छंद छायाचित्रणाचा : लेखांक १४

मागच्या आठवड्यात ट्रायपॉड घट्ट कसा उभा करायचा ते पाहिले. आज त्याच ट्रायपॉडवर कॅमेरा तासन् तास, काही वेळा दिवसचे दिवस ठेवायचा आहे. टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंची सलग जोडलेली चित्रफीत. तिचा धडा नाशिक जिल्ह्याच्याच एका सुपुत्राने शंभर वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले ते फोटोग्राफीच्या वाटेने. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला स्टुडिओ चालवला, पुरातत्त्व खात्यात काम केले. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा विकत घेतला. चित्रपट काढायला भांडवल हवे होते, आणि नुसत्या शब्दांवर कोण पैसे देणार? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप जसे वाढेल तशा चौकटी टिपत गेले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर पाहून यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज दिले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मला स्वतःला तो वाटाण्याचा वेल ‘हरिश्चंद्रा’इतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यात यंत्रापेक्षा माणसाची नजर अधिक दिसते. रोप किती वेगाने वाढते हे आधी ओळखल्याशिवाय ते काम होतच नाही.

टाइमलॅप्समधला खरा निर्णय हाच : दोन फोटोंमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा? आजच्या चित्रफितीत सेकंदाला २५ चौकटी लागतात. रोज एकच फोटो काढला तर महिन्याभराच्या मेहनतीचा जेमतेम सव्वा सेकंद हाती येतो. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. वीस सेकंदांची फीत हवी तर ५०० फोटो लागणार. घटना जितका वेळ चालणार त्याला ५०० ने भागा. पहिन्याच्या बाजूने ब्रह्मगिरीवर चढणारे पावसाळी ढग टिपायचे असतील तर तीन-चार सेकंदांचे अंतर पुरते. अर्ध्या तासात काम होते.

वाटाणा घरीच करून पाहा. खोलीचा एक कोपरा निवडा, खिडकी जाड पडद्याने बंद करा आणि एक एलईडी दिवा टायमरवर रोज सोळा तास चालू ठेवा. दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला ६४ फोटो. दहा दिवसांत ६४०, म्हणजे पंचवीस सेकंदांहून थोडे जास्त. कुंडीत काडी रोवून त्या काडीवर हाताने फोकस करा, कारण वेलाचे तणावे तिलाच येऊन धरणार आहेत. चौकटीत वर आणि दिव्याच्या बाजूला भरपूर जागा सोडा. रोप उजेडाकडे झुकते. कुंडी मुळीच हलवायची नाही, पाणी मागच्या बाजूने पिचकारीने घाला. एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरलेला, स्टॅबिलायझेशन बंद. लेन्सचा पडदा प्रत्येक वेळी केसभर कमी-जास्त मिटतो आणि फीत लुकलुकते; अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स मिळाली तर हा त्रास टळतो. सायलेंट शटरने यंत्राची झीज वाचते, पण स्वस्त एलईडीच्या उजेडात त्याने फोटोवर पट्टे उमटतात, म्हणून आधी चाचणी घ्या.

आता गोदावरी. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर पुराची उंची फुटांत विचारत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, एवढेच विचारतात. गुडघे, कंबर, छाती, गळा : टाइमलॅप्ससाठी याहून चांगली मोजपट्टी कोणत्या नदीत उभी असेल? जागा मात्र घाटावरची नको. परवानगी घेऊन एखाद्या उंच इमारतीची गच्ची गाठा. पुलावर ट्रायपॉड लावू नका. वाहनांच्या थरथरीने प्रत्येक चौकट हलते. पाणी सहा तास चढत राहील असे धरले तर पाचशे फोटोंसाठी सुमारे ४३ सेकंदांचे अंतर येते. झटपट शटरने पाणी थरथरल्यासारखे दिसते, म्हणून अर्ध्या सेकंदाचा शटर ठेवा. भरून आलेल्या आभाळात एफ ११ आणि आयएसओ १०० वर त्यासाठी साधारण तीन-चार स्टॉपचा एनडी फिल्टर लागेल. छत्री वेगळ्या काठीला बांधा. ट्रायपॉडला बांधली तर वारा कॅमेरा हलवतो. लेन्सवरचे थेंब दोन फोटोंच्या मध्ये, फोकस रिंगला धक्का न लावता टिपा. बॅटरी एवढा वेळ टिकत नाही, तेव्हा यूएसबीवर चालणारा कॅमेरा असल्यास पॉवर बँक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जोडा.

निफाड-दिंडोरीच्या वाचकांनी द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी सोडू नये. छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत काडीवरचे डोळे फुगून फुटू लागतात. उघड्या बागेत दिवसा उजेड सतत बदलतो, म्हणून फक्त रात्री, फ्लॅशवर काम करा. काळोखात फ्लॅश हाच एकमेव उजेड असल्याने प्रत्येक फोटो सारखा येतो. रात्री आठ ते पहाटे पाच, दर दहा मिनिटांनी एक फोटो. आठ रात्रींत सतरा सेकंदांची फीत होते. दिवसभरात फुटवा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे प्रत्येक नव्या रात्रीशी एक उडी दिसेल. ती राहू द्या. छाटणीची तारीख आणि फवारणीच्या वेळा बागाईतदारांशी आधीच बोलून ठेवा. ब्लोअर येण्याआधी कॅमेरा झाकायचा, ट्रायपॉड मात्र जागचा हलवायचा नाही.

पुढील लेखांकात : जमवलेल्या पाचशे फोटोंमधली लुकलुक संगणकावर कशी घालवायची.