भिंतीवरचा रविवर्मा

नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यान, तापी खोऱ्यातल्या लोहमार्गाच्या वाटेवर असलेल्या रनाळे या गावी चित्रदालन नाही, आणि ते नसल्याची खंत तिथल्या कोणा शेतकऱ्याने बोलून दाखविल्याचे ऐकिवात नाही. परंतु मुंबईचे कलासमीक्षक आज ज्याला मुद्राचित्र म्हणतात, म्हणजे एखाद्या पृष्ठावर कोरून अथवा रेखाटून ज्याच्या कागदावर अनेक प्रती उठविल्या आहेत असे चित्र, ते खानदेशच्या धाब्याच्या घरांत, देव्हाऱ्याच्या वरच्या खुंटीला, जहांगीर कलादालनाचे दरवाजे १९५२ साली उघडले त्याच्या कितीतरी आधीपासून टांगलेले होते. कोणी लक्ष्मीची तसबीर म्हणे, कोणी नुसते रविवर्म्याचे चित्र म्हणे, आणि ज्या घरात छापील अक्षर वाचणारे कोणी नव्हते त्या घरातही ते नाव ठाऊक असे.

असली एखादी जुनी तसबीर, घरच्या मंडळींची परवानगी घेऊन, खुंटीवरून उतरवावी, काचेवरची धूळ आणि उदबत्तीचा धूर पुसावा आणि ओट्यावरच्या उजेडात धरावी. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, वरच्या दोन्ही हातांत कमळे, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती, पाण्यात हंस. हे सर्व तर हातभर अंतरावरूनही दिसते. भिंग लावले की मात्र देवीचा गाल नाहीसा होतो आणि त्याच्या जागी ठिपके उरतात: पिवळसर, गुलाबी, तपकिरी, आणि हनुवटीखालच्या सावलीत चक्क निळे. लुगड्याच्या काठापाशी लाल रंग आपल्या रेषेच्या केसभर बाहेर गेलेला आढळतो, कारण तो रंग ज्या शिळेवरून आला तिच्यावर कागद बसविताना कोणा कामगाराचा हात तेवढाच चळला होता. अशा कित्येक चित्रांच्या पृष्ठभागावर वस्त्राच्या विणीसारखी बारीक खडबड दाबून उठविलेली आणि वरून रोगणाचा लेप दिलेला असतो. कॅनव्हासवरच्या तैलचित्राचा आभास कागदाला यावा, ही त्यामागची युक्ती.

ही सारी करामत चुनखडीच्या दगडाची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डर याने शोधून काढलेल्या शिळाछापाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढेच. परंतु त्या तत्त्वावरून रंगीत चित्र उठविणे ही एका वाक्यात आटोपणारी गोष्ट नव्हे. झोल्नहोफेनच्या खाणीतून आलेली जाड शिळा वाळूने घासून सपाट करावी, तिच्यावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने चित्र काढावे, डिंक आणि नत्राम्ल यांच्या सौम्य द्रावाने ते पक्के करावे, मग ओल्या शिळेवरून शाईचा रूळ फिरवावा, म्हणजे जिथे खडू लागला आहे तिथेच शाई धरते आणि बाकीची ओली जागा तिला झिडकारते. रंग जितके, शिळा तितक्या. आणि रविवर्म्याच्या एका चित्राला डझनावारी शिळा लागत असत. मूळ तैलचित्र पुढे ठेवून, त्यातला पिवळा कुठे कुठे आहे, गुलाबी किती, निळ्याची छटा कोणत्या सावलीत लपली आहे, हे मनाशी वेगळे काढून प्रत्येक रंगाचा आराखडा स्वतंत्र शिळेवर उमटविणारा जो कारागीर, त्याची दृष्टी चित्रकाराच्या दृष्टीहून कमी नव्हती. आणि तेही उलटे, कारण कागदावर जे उजवीकडे यावयाचे ते शिळेवर डावीकडे काढावे लागे. फिकट रंग आधी, गडद नंतर, आणि दर खेपेस कागद खुणेवर खूण जुळवून बसवावयाचा. आमच्याकडच्या पावसाळी हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. आषाढात छापलेला पिवळा आणि आश्विनात छापलेला लाल एकमेकांशी जुळवून घ्यावयास सहसा तयार होत नाहीत.

महाराष्ट्रात या रंगीत विद्येचे ठाणे प्रथम पुण्यास बसले. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह १८७८ साली चित्रशाळा छापखाना काढला, पुढे वासुकाका जोशी यांनी तो चालविला, आणि रामपंचायतनापासून नाना फडणविसांपर्यंतची चित्रे तिथून घरोघर गेली. शास्त्रीबोवांसारख्या जहाल लेखकाला चित्रांच्या धंद्यात पडावेसे वाटले, याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही. निबंध वाचणारे शेकड्यांनी मोजावे लागत, तसबीर पाहणाऱ्यांची मोजदाद कोण करणार?

त्यानंतर आला रविवर्मा. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी, तुमच्या चित्रांना चहूकडून मागणी आहे, ती दोन हातांनी पुरी होणे नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढवाव्या, असा सल्ला त्याला पूर्वीच दिला होता; परंतु त्रावणकोरच्या या चित्रकाराने युरोपास चित्रे पाठविण्याऐवजी युरोपातली यंत्रे आणि तंत्रज्ञ इकडे आणविले, आणि धाकटा बंधू राजराज वर्मा याच्या साहाय्याने व गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत १८९४ साली मुंबईस गिरगावात कारखाना थाटला. शकुंतलाजन्माचे चित्र पहिल्याने छापले गेले. मग मुंबईत प्लेग आला, कामगार पांगले, भागीदारीत वितुष्ट आले, कर्ज वाढले. कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच कारखान्यासाठी काम करीत होते, ही गोष्ट फाळक्यांच्या चरित्रात ओझरती येते. मला ती ओझरती वाटत नाही, कारण स्थिर पौराणिक चित्र घरोघर पोहोचविण्याचा जो वसा इथे चालला होता तोच १९१३ साली त्यांनी पडद्यावर नेला. रविवर्मा १९०६ साली वारला. त्याच्यामागे कारखाना दीर्घकाळ चालला, देवतांच्या जोडीला व्यापाऱ्यांची लेबले आणि कॅलेंडरेही छापीत राहिला, आणि १९७२ च्या आगीत बरेचसे भस्मसात झाले.

या चित्रांवर टीका थोडी झाली नाही. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या मर्मज्ञांना त्यांत नाटकी हावभाव आणि उसनी युरोपीय शैली दिसली, आणि तो आक्षेप सर्वस्वी खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु हा सगळा खटला चित्रकारावर चालला. जिच्यामुळे चित्र खानदेशात येऊन पोहोचले त्या शिळेची आणि ती घडविणाऱ्याची साक्ष कोणी काढलीच नाही. भिंतीवरच्या तसबिरीत रविवर्म्याने आपल्या हाताने काढलेली एकही रेषा नाही. जे आहे ते नाव न उरलेल्या माणसांचे काम आहे, आणि त्यांच्या पुष्कळशा शिळाही उरल्या नाहीत, कारण एका चित्राची गरज संपली की शिळा घासून दुसऱ्यासाठी कोरी करावयाची, हा या धंद्याचा दस्तूरच होता.

विलायतेत याहून वेगळे घडले असेल, असा आपला समज असतो. विल्यम होगार्थ हा लंडनचा चित्रकार ताम्रपटावरून उठविलेल्या चित्रमालिका विकून पोट भरी. चोरून नकला काढणाऱ्यांच्या उपद्रवाला कंटाळून त्याने इतरांसह पार्लमेंटकडे दाद मागितली, १७३५ साली कायदा करवून घेतला, आणि तो अंमलात येईपर्यंत आपली नवी मालिका मुद्दाम रोखून धरली. ती एका उधळ्या वारसदाराच्या अधोगतीची आठ चित्रे होती, आणि गिऱ्हाईक होते सामान्य नागरिक. त्याच लंडनमध्ये रॉयल अकॅडमीने १७६९ पासून वार्षिक प्रदर्शने भरविली, पण ताम्रपट कोरणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्ण सभासदत्व दिले नाही. दुसऱ्याचे चित्र उतरवून घेणारा तो नकलनवीस, कलावंत कसला, असा तिथल्या दरबाराचा निवाडा होता. मग छायाचित्राच्या यंत्राने नकलेचे काम उचलले, पोट भरण्याचा तो मार्ग बंद झाला, आणि मुद्राचित्रण हे चित्रकाराने स्वतःच्या हाताने करावयाचे स्वतंत्र निर्माण ठरले. डेव्हिड हॉकनी याने होगार्थचेच कथानक घेऊन सोळा आम्लकोरीव चित्रे केली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रती काढल्या फक्त पन्नास. आज तिकडच्या दालनांत लाकूड, लिनोलियम, तांबे वा शिळा यांवरून छापणारे चित्रकार चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर शिसपेन्सिलीने एकूण प्रतींपैकी ही कितवी, हे लिहितात, पुढे सही करतात, आणि ठरलेल्या प्रती निघाल्या की पुष्कळदा मूळ पृष्ठावर आडवी रेघ ओढून ते रद्द करतात, म्हणजे आणखी प्रत निघू नये.

मळवलीच्या कारखानदाराला ही रीत सांगितली असती तर तो हसला असता. शिळा टिकेल तितक्या प्रती काढणे हाच त्याचा नफा होता. मुंबईच्या दालनांत मुद्राचित्रे मांडणारे आमचे चित्रकार आता विलायती दस्तुराप्रमाणेच आकडा घालतात, आणि त्यात वावगे काही नाही, कारण महिनोन्महिने ताम्रपटाशी झुंजणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. फक्त, आकडा घातलेल्या चित्रालाच कला म्हणावयाचे आणि बिनआकड्याच्या तसबिरीला बाजारी माल, हा निवाडा मला मान्य नाही. पन्नास प्रतींच्या मुद्राचित्रात आणि हजारोंनी निघालेल्या लक्ष्मीत मेहनतीचा आणि कसबाचा जो भाग आहे, तो भिंगाखाली मला सारख्याच तोलाचा दिसतो. सूक्ष्म ठिपक्यांतून गालाची गोलाई उभी करणे हे काम कोणत्याही शतकात सोपे नव्हते.

रविवर्म्याच्या या तसबिरींनाही खाली पट्टी असते. तिच्यावर चित्राचे नाव, कारखान्याचे नाव, क्वचित मुंबईच्या अनंत शिवाजी देसाई यांच्यासारख्या विक्रेत्याचे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. चित्र कुठले आणि साधारण कोणत्या काळातले, याचा हाच काय तो दाखला. चौकट करणारे कारागीर ती पट्टी लाकडाच्या मापासाठी बिनदिक्कत कापून टाकतात, आणि काच फुटली किंवा कागद पिवळा पडला की देवादिकांची चित्रे नदीत विसर्जित करण्याची आपल्याकडे चाल आहे. रनाळ्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही गावच्या ज्या वाचकाच्या घरी अशी तसबीर असेल, त्याला माझी एवढीच विनंती आहे: ती तापीत सोडण्यापूर्वी किंवा नव्या चौकटीसाठी देण्यापूर्वी मागची फळी काढून पाहावी, खालची पट्टी शाबूत असेल तर तीसकट चित्राचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि चौकटवाल्याला बजावून सांगावे की कागदाला कात्री लावावयाची नाही, चौकट मोठी करावी.