भजनाच्या कॅसेटी क्लाउडवर

साठ मिनिटांची कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला साठ मिनिटेच लागतात. मुठा गावातल्या आमच्या घरच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी काढल्या, तेव्हा त्याआधीचे काम निघाले ते बुरशीचे. मुठा खोऱ्यातला पावसाळा बंद ट्रंकेतही शिरतो. फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली, की कॅसेट आधी एखाद्या टाकाऊ प्लेअरवर पुढे-मागे फिरवून घ्यायची. चांगल्या प्लेअरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचे. आवाज दबका आला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवायचा आणि टाळ खणखणीत ऐकू आले की हात थांबवायचा. आवाजाची पातळी पखवाजावर लावायची, बुवांच्या गळ्यावर नाही. कारण थापेला ‘ऑडॅसिटी’ या सॉफ्टवेअरमधली पट्टी लाल झाली, की तो आवाज कायमचा फाटला.

मग प्रश्न जागेचा. सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला ६०० एमबीच्या वर जाते. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यातच मेल आणि फोटो. पण घरचे रेकॉर्डिंग मोनोच होते, मग स्टिरिओ कशाला? मोनोत आकार निम्मा होतो, फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात आणखी घटतो. फ्लॅक जपायला, एमपी३ फोनवर ऐकायला.

खरी मेहनत फाइलला नाव देण्याची. ‘ट्रॅक ०१’ चार फोनांवर पोचला तरी कोण गातेय ते कळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी मुळशीसह महाराष्ट्रभरातल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. म्हणूनच २०१७ पासून ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येणाऱ्या त्या ओव्या कुणाच्या, हे आज कळते. घरच्या संग्रहालाही हीच शिस्त हवी: साल, गाव, गाणारा, साथीला कोण.

सगळ्यांच्या फोनवर एकच सामायिक फोल्डर असणे सोयीचे खरे, पण फाइलच्या मालकाने ती उडवली की अखेर ती सगळ्यांकडून जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. सेवाही कायमच्या नसतात. स्वतःची गाणी चढवून ठेवायची सोय देणारे ‘गूगल प्ले म्युझिक’ २०२० मध्ये बंद झाले. त्यामुळे एक प्रत हार्डडिस्कवर, तीही दुसऱ्या घरी ठेवणे मला क्लाउडइतकेच गरजेचे वाटते.

तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील तर येत्या पावसाआधी उतरवून घ्या. आणि मंडळातली जुनी माणसे आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून नावे लिहून घ्या.