कुंपण आणि जमीन

आयताची परिमिती व क्षेत्रफळ ही दोन सूत्रे प्राथमिक शाळेत एकापाठोपाठ येतात. लांबी-रुंदीची बेरीज करून दुप्पट करावयाची, की त्यांचा गुणाकार करावयाचा, एवढेच मुलांच्या ध्यानात उरते. आणि परीक्षेच्या वेळी तेही उलटसुलट होते. कानडी शाळेतील मुले परिमितीला ‘सुत्तळते’ म्हणतात. सुत्त म्हणजे सभोवार आणि अळते म्हणजे माप. ‘परिमिती’ या शब्दाचा अर्थही तोच आहे. पण आपल्या मुलांना तो कुणी उकलून सांगत नाही. परिमिती हे कुंपणाचे माप, क्षेत्रफळ हे आतील जमिनीचे माप, एवढे जरी मनात ठसले तरी निम्मा घोटाळा टळेल. उरलेल्या निम्म्याविषयी हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी शेजारची पाचवीतील मुलगी वही घेऊन आली. तिने तीन आयत काढले होते. ५ × ३ : परिमिती १६, क्षेत्रफळ १५. ६ × ४ : परिमिती २०, क्षेत्रफळ २४. ७ × ५ : परिमिती २४, क्षेत्रफळ ३५. “परिमिती वाढली की क्षेत्रफळपण वाढतंय की हो, काका!” ती म्हणाली. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता “हो, बरोबर” म्हणालो. ती खूश होऊन गेली आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले, की गणित शिकविणाऱ्या माणसाने एका मुलीला धादांत चुकीची गोष्ट शिकवून पाठविली आहे.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. लिपिंग मा या विदुषीने चीन व अमेरिका येथील प्राथमिक शिक्षकांना नेमका अशाच स्वरूपाचा दावा करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रसंग घालून काय कराल असे विचारले होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात त्याची हकीकत आहे. काहींनी तो दावा मान्यच केला; काहींना शंका आली, पण स्वतः तपासून पाहण्याची वाट सापडली नाही. सूत्र पाठ असणे आणि विषय समजणे यांतील अंतर हे असे असते.

दुसऱ्या दिवशी मी आगपेटी घेऊन त्या मुलीकडे गेलो. चोवीस काड्या मोजून दिल्या व म्हटले, “सगळ्या काड्या वापरून निरनिराळे आयत कर.” तिला सहा आयत मिळाले : ११ × १, १० × २, ९ × ३, ८ × ४, ७ × ५ आणि ६ × ६. परिमिती सर्वांची २४. क्षेत्रफळे मात्र अनुक्रमे ११, २०, २७, ३२, ३५ आणि ३६. कुंपण तेवढेच, जमीन तिपटीहून अधिक!

यात आणखी एक गंमत आहे. चौरसाच्या ३६ मधून प्रत्येक क्षेत्रफळ वजा करीत गेल्यास उरतात २५, १६, ९, ४ आणि १, सगळ्या वर्गसंख्या. याचे कारण बीजगणिताशिवायही दाखविता येते. चौकटीच्या कागदावर ६ × ६ चा चौरस कापा. त्याच्या खालच्या दोन ओळी, म्हणजे १२ घरे, काढून उजवीकडे उभी लावा. आता उंची चारच उरल्यामुळे तेथे दोन उभ्या ओळींत फक्त ८ घरे मावतात. ४ घरे हातात राहतात आणि त्यांचा बरोबर २ × २ चा चौरस होतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना यातच (६ − २)(६ + २) = ३६ − ४ हे सूत्र दिसेल.

मग उलट प्रयोग. छत्तीस चौकोनी तुकडे घेऊन आयत मांडा. ३६ × १ ची परिमिती ७४, १८ × २ ची ४०, १२ × ३ ची ३०, ९ × ४ ची २६ आणि ६ × ६ ची २४. जमीन एकच, कुंपण मात्र कमी होत जाते. आणि ६ × ६ च्या शेजारी १४ × २ मांडला, तर परिमिती २४ वरून ३२ झाली, पण क्षेत्रफळ ३६ वरून २८ वर उतरले. एकच उदाहरण, आणि दावा कोसळला.

पण इथे थांबू नये. मुलीचे तीन आयत खोटे नव्हते. लांबी व रुंदी यांपैकी एकही कमी न होता निदान एक वाढली, तर दोन्ही मापे वाढणारच. एक वाढून दुसरी घटली, तर मात्र काहीही होऊ शकते. “चूक” म्हणून फुली मारण्यापेक्षा “हे केव्हा खरे?” असे विचारणे अधिक मोलाचे आहे.

हा केवळ वहीतील खेळ नव्हे. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्याला १३२ फूट कुंपण लागते. तेवढ्याच कुंपणात ५५ × ११ फुटांची पट्टी घेतली, तर जमीन भरते ६०५ चौरस फूट. गुंठ्याला ४८४, म्हणजे २२ चा वर्ग, इतकी कमी. उलट पुरा गुंठा ९९ × ११ असा लांबट असेल, तर कुंपण २२० फूट लागेल. वाटणीच्या वेळी बांधावरून चालत पावले मोजून “दोघांचे सारखेच” म्हणणारा भाऊ किती फसू शकतो हे यावरून कळेल. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने दोन हजार वर्षांपूर्वी हीच तक्रार केली होती. मेगॅलोपोलिसचा घेर ५० स्टेडिया व स्पार्टाचा ४८, तरी स्पार्टा दुप्पट मोठे आहे, हे लोकांना पटतच नाही, असे तो लिहितो.

वर्गात काहीच साधन नसले, तरी हातभर सुतळीची दोन टोके बांधावी, ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर व तर्जनींवर ताणून आयत करावा आणि हात हळूहळू दूर न्यावेत. सुतळी तेवढीच राहते. आतील जागा मात्र चिंचोळी होत होत नाहीशी होते. मागच्या बाकावरच्या मुलालाही हे दिसते.

त्या मुलीने काड्या पुन्हा पेटीत भरताना मला विचारले, “मग काल हो का म्हणालात?” उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून मात्र कुणी असा दावा घेऊन आले, की मी ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. “चल, करून बघू या,” असे म्हणतो.