चार दिवसांची सायकलवाट कायमची कशी होते?

आमच्या आळीत ऐंशी उलटलेले एक गृहस्थ आहेत. लहानथोर सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. १९६२ साली ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत सदाशिव पेठेतून खडकीपर्यंत सायकलनेच गेले. सकाळी कारखान्याच्या भोंग्याच्या सुमारास जुन्या मुंबई रस्त्यावर सायकलींचा कसा लोंढा लागे, हे ते आजही रंगवून सांगतात. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते उगीच नव्हे!

परवा त्यांचा आठवीतला नातू सायकल घेऊन दारात उभा राहिला. घंटी वाजवीत त्याने विचारले, "आजोबा, उद्यापासून मी शाळेत सायकलने जाऊ?"

अण्णांनी तोंड उघडण्यापूर्वीच आतून सूनबाईंचा आवाज आला, "मुळीच नाही! त्या चौकातून बस कशा वळतात, पाहिलंयस ना?"

अण्णा गप्प बसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "सायकल आहे, पाय धड आहेत, शाळाही दीड मैलावर आहे. नाही ती फक्त वाट."

ही वाट येते कोठून? आणि आलेली वाट टिकते कशाने? अण्णांच्या बोलण्याने मला २०२० साली परमुलखात घडलेल्या एका प्रकरणाची आठवण झाली. ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

एका रात्रीत आखलेले रस्ते

२०२० सालचे ते करोनाचे दिवस वाचक विसरले नसतील. आगगाडीत किंवा बसमध्ये शेजाऱ्याला खोकला आला तरी काळजात धस्स होई. माणसे कामावर जाणार कशी? दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहराने मार्च महिन्यातच रस्त्यांवर शंकूसारखे अडसर मांडून सायकलींसाठी वेगळी जागा काढून दिली. पुढे अशा तात्पुरत्या मार्गांची लांबी सुमारे ८० किलोमीटरपर्यंत गेली. २५ मार्चला बर्लिनमधील फ्रीडरिक्सहाइन-क्रॉइत्सबेर्ग या विभागाने हालेशेस ऊफर नावाच्या रस्त्यावर पिवळे पट्टे मारले, तांबडे-पांढरे खांब उभे केले आणि मोटारींची एक पदरी जागा सायकलींना देऊन टाकली. मे महिन्यात पॅरिसने आपला रिव्होली नावाचा प्रख्यात रस्ता बहुतेक खासगी मोटारींना बंद केला आणि शहरभर तात्पुरते सायकलमार्ग आखले.

एरवी असा मार्ग म्हणजे वर्षांचे काम. पाहणी, आराखडे, मंजुरी, निविदा, खोदाई आणि मग पुन्हा खोदाई! येथे मात्र रंगाचा डबा आणि खांबांची गाडी यांवर काम भागले. रस्त्याच्या दुरुस्तीच्या वेळी जी सामग्री वापरतात तीच येथे वापरली. परिणामही लवकर दिसला. युरोपातील १०६ शहरांतील सायकलींच्या मोजणीचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. अशा तात्पुरत्या मार्गांमुळे सायकलस्वारांची संख्या ११ ते ४८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. लोकांना सायकल नकोशी झालेली नव्हती. अण्णा म्हणतात तेच खरे, वाट नव्हती.

पण या सर्व मार्गांच्या कपाळी एक शब्द लिहिलेला होता : तात्पुरता.

आता आपल्याकडे 'तात्पुरती' अशी पाटी लागलेली वस्तू सहसा चिरंजीव असते. तात्पुरती टपरी, तात्पुरता पत्र्याचा आडोसा, तात्पुरता सरकारी आकार. एकदा आले की नातवंडे पाहूनच जातात. सायकलवाटेचे नशीब मात्र निराळे. ती खरोखरच चार दिवसांची पाहुणी ठरू शकते. याचा दाखला लंडनने दिला.

सात आठवड्यांचे आयुष्य

पश्चिम लंडनमध्ये केन्सिंग्टन हाय स्ट्रीट हा मोठ्या दुकानांचा, सदा गजबजलेला रस्ता आहे. २०२० च्या शरदात तेथे प्लॅस्टिकचे खांब रोवून दोन्ही बाजूंना सायकलपट्टा आखण्यात आला. कामावर जाणारी माणसे त्यावरून जाऊ लागली. आईबापांबरोबर शाळकरी मुलेही दिसू लागली. आणि सात आठवडे होतात न होतात, तोच स्थानिक पालिकेने तो काढून टाकण्याचे ठरवले!

पालिकेचे म्हणणे असे : वाहतूक तुंबते, व्यापाराला फटका बसतो आणि आलेल्या पत्रांत विरोधाची पत्रे अधिक आहेत. दुकानदारांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. महामारीने गल्ले रिकामे केलेले, नाताळ तोंडावर आलेला; अशा वेळी दुकानासमोर काहीही बदलले तरी छातीत धडकी भरणारच. आपल्याकडे ऐन दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर कोणी खांब रोवू लागले, तर काय होईल याची कल्पना करा!

डिसेंबरच्या आरंभी कामगार खांब उपटायला आले. तेव्हा कोठे लोक जागे झाले. काहीजण पट्ट्यावर ठाण मांडून बसले. काम काही काळ थांबले, पण टळले नाही. मार्च २०२१ मध्ये पालिकेने पट्टा पुन्हा न आखण्याचा निर्णय केला. पट्टा हवा असलेल्या रहिवाशांच्या एका संस्थेने हा निर्णय न्यायालयात नेला. २०२३ साली निकाल पालिकेच्या बाजूने लागला.

इंग्लंडमध्येच शोरहॅम नावाच्या गावी आणखी एक पट्टा असाच काही आठवड्यांत उखडला गेला. तेथे सायकलस्वारांच्या एका राष्ट्रीय संस्थेने दावा केला, आणि आपले वागणे कायद्याला धरून नव्हते हे तेथील कौंटीच्या मंडळाला मान्य करावे लागले. मात्र तोवर पट्टा केव्हाच पुसला गेला होता! दाव्यात जिंकूनही हाती काय, तर कागद.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये असा प्रायोगिक वाहतूक-हुकूम जास्तीत जास्त १८ महिने चालतो आणि पहिल्या ६ महिन्यांत लोकांच्या हरकती मागवतात. हरकत असलेला माणूस त्याच रात्री पत्र लिहितो. ज्याला पट्टा आवडलेला असतो तो काय करतो? तो सायकलवर बसतो, शीळ घालीत कामावर जातो आणि संध्याकाळी आनंदात घरी येतो. पत्र लिहायचे त्याच्या स्वप्नातही येत नाही! सुख मुके असते आणि तक्रारीला वाचा असते. पालिकेच्या फायलीत मात्र वाचा असलेलेच मोजले जाते.

बर्लिनचा कित्ता

मग बर्लिनमधील पट्टे कसे तगले? तेथेही सारे गोडीगुलाबीने झाले असे नाही. नगर-राज्याच्या विधिमंडळातील एका विरोधी सदस्याने न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने आठ पट्ट्यांविरुद्ध निर्णय दिला. न्यायालयाचा सवाल सरळ होता : महामारी आली एवढे कारण पुरत नाही, या विशिष्ट रस्त्यावर सायकलस्वाराला धोका आहे, हे तुम्ही दाखवले आहे का?

प्रशासन कामाला लागले. वाहनांच्या मोजण्या आणि अपघातांचे आकडे गोळा करून वरच्या न्यायालयापुढे ठेवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये त्या न्यायालयाने खालच्या निर्णयाला स्थगिती दिली आणि पट्टे जागच्या जागी राहिले. त्यांतील कोटबुसर डाम या रस्त्यावर पॉट्सडामच्या शास्त्रज्ञांनी हवेची मोजणी केली. वेगळा पट्टा झाल्यावर सायकलस्वाराच्या वाट्याला येणारा नायट्रोजन डायऑक्साइड वायू सुमारे २२ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. पुढे तो पट्टा कायमचा करण्यात आला.

पण बर्लिनच्या गोष्टीचा आरंभ २०२० मध्ये नाही, तो चार वर्षे आधीचा आहे. २०१६ साली तेथील काही नागरिकांनी सायकलींसाठी कायदा व्हावा म्हणून सह्या गोळा करायला घेतल्या. नियमाप्रमाणे २०,००० सह्या पुरे होत्या. लोक चौकाचौकांत, पेठापेठांतून फिरले आणि चार आठवड्यांच्या आत लाखाहून अधिक सह्या जमल्या! त्या रेट्याने जून २०१८ मध्ये विधिमंडळाने मोटारींबरोबर पादचारी आणि सायकलस्वार यांचाही विचार करणारा वाहतुकीचा कायदा संमत केला. करोना आला तेव्हा जमीन नांगरून तयार होती. पाऊस पडल्याबरोबर पीक उगवले. पॅरिसमध्येही सायकलस्वारांच्या संघटना आधीपासून जाग्या होत्या. तेथल्या पालिकेने २०२१ च्या योजनेत ५० किलोमीटरहून अधिक तात्पुरते मार्ग पक्के करण्याचे जाहीर केले.

आपल्या दाराशी

वाचक म्हणतील, बर्लिन-लंडनचे राहू द्या, आपले काय? आपल्याकडेही हा प्रयोग झाला आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांना सायकलीस सोयीचे रस्ते करून पाहण्याचे आवाहन केले. शंभराहून अधिक शहरांनी त्यात भाग घेतला आणि २०२१ च्या जुलैत ज्या ११ शहरांना पुरस्कार मिळाला त्यांत आपली नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन शहरे होती. पुण्याच्या महापालिकेने तर डिसेंबर २०१७ मध्येच संपूर्ण शहराचा सायकल-आराखडा मंजूर केला आहे.

मुंबईचे उदाहरण अधिक बोलके आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली झालेला सायकलमार्ग रंगाचा नव्हता, चांगला बांधलेला होता. पण त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि सायकलस्वार दिसेनासा झाला. म्हणजे नुसत्या सिमेंटनेही वाट कायमची होत नाही. ती आपली आहे, असे म्हणणारी माणसे भोवती असावी लागतात. ती असली तर रंगाचा पट्टाही तगतो. नसली तर बांधलेला मार्ग वाहनतळ होतो.

या साऱ्यांतून मला उमगले ते असे. पट्टा आखला गेला की पहिल्या आठवड्यातच वही-पेन्सिल घेऊन मोजणी सुरू करावी : किती सायकली, किती वाजता, त्यांत बायका किती आणि मुले किती. दुसरे, दुकानदाराशी भांडायला न जाता त्याच्याकडे खरेदीला जावे आणि सायकलवरून आलो हे त्याला कळू द्यावे. माल उतरवायला गाडी कोठे उभी राहील, याचाही विचार त्याच्याबरोबर बसून करावा. आणि तिसरे, पट्टा जिवंत असतानाच लिहावे. नगरसेवकाला, आयुक्तांना, वर्तमानपत्राला. खांब उपटायला आलेल्या कामगारापुढे बसण्यापेक्षा सहा आठवडे आधी लिहिलेले एक पत्र अधिक उपयोगी पडते.

हे सारे मी अण्णांना सांगितले. ते काही वेळ खिडकीतून खाली पाहत राहिले. खाली मुलांनी दिवाळीचा किल्ला केला होता. चिखल-विटांचा, वर हळीव पेरलेला, बुरुजावर मावळे उभे केलेले. तुळशीचे लग्न झाले की तो मोडला जाणार, हे करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

"किल्ल्याचं ठीक आहे," अण्णा म्हणाले, "तो पुढच्या वर्षी पुन्हा होतो. पोराचं आठवीचं वर्ष पुन्हा येत नाही."

मग त्यांनी नातवाला हाक मारली. सुट्टी संपून शाळा उघडली की सकाळी साडेसहा ते साडेसात दोघांनी कोपऱ्यावर उभे राहायचे आणि शाळेकडे जाणाऱ्या सायकली मोजायच्या, असे ठरले. नातवाने शाळेच्या जुन्या वहीची कोरी पाने काढून रकानेसुद्धा आखले आहेत. महिन्याचे आकडे जमले की अर्ज अण्णा लिहिणार, आणि आळीतल्या घराघरांतून सह्या मी आणणार.

सूनबाईंचा नकार अजून कायम आहे आणि तो रास्तच आहे. पण काल बोलता बोलता त्यांनी विचारले, "त्या अर्जावर आयांच्या सह्या वेगळ्या घेणार का?"

म्हटले, "अवश्य! पहिली सही तुमचीच."